वगळलेल्या अकरा ओळी

"मग त्या ओळींचं काय केलंस?" पटवेकर बाईंनी विचारलं.

"वगळल्या, बाई. त्यांत आकडाच नव्हता."

शार्दूल तीन आठवडे त्या एका फाइलवर बसला होता. आंबेसोंडच्या पुलाच्या खांबावर मीटरची पट्टी रंगवलेली होती. रोज सकाळी तिच्यावर नदीचं पाणी बघून एक माणूस वहीत लिहायचा. बेचाळीस वर्षांच्या त्या वह्या टाइप होऊन पंधरा हजार ओळींची साधी टेक्स्ट फाइल झाली होती. ओळीत तारीख आणि मीटर. कुठे स्वल्पविराम, कुठे नुसती मोकळी जागा. कुठे मराठी आकडे, कुठे इंग्रजी. शार्दूलच्या पायथन प्रोग्रॅमने ते सगळं निमूटपणे वाचून घेतलं होतं.

"सगळ्यात वरचं पाणी आठ पूर्णांक नऊ दशांश मीटर," तो म्हणाला. "नवी वसाहत त्याच्या वर बांधणार आहेत. कळवून टाकू?"

बाईंनी चष्मा काढला. डोळे चोळले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक फाइली घेऊन यायचे थांबले नव्हते.

"त्या ओळी वाच."

"बाई, पंधरा हजारांतल्या अकरा..."

"मोठ्यानं वाच."

शार्दूलने कंटाळून मूळ फाइल उघडली.

"'ताप आहे. गेलो नाही.' ... 'मुलीचे लग्न.' ... 'पट्टीचा रंग गेला, रंग पाठवावा.' ... 'रंग आला नाही.'"

त्याला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

त्याने आणखी तीन-चार वाचल्या. मग त्याचा आवाज मंदावला.

"'पट्टी बुडाली. पूल दिसत नाही.'"

"पुढे."

"'शाळेच्या गच्चीवर आहे. पाणी कठड्याला एक वीत कमी. माणसे सत्तावीस.'"

"पुढे."

"'पाणी उतरते आहे. माणसे सव्वीस.'"

...

पंखा फिरत होता. शार्दूलने आठ पूर्णांक नऊची तारीख शोधली. पट्टी बुडाली त्याच्या आदल्या सकाळची होती. पाणी तेव्हा चढतच होतं.

"मीच सांगितलं होतं प्रोग्रॅमला," तो हळूच म्हणाला. "आकडा नसेल तर पुढची ओळ घे म्हणून."

"हं. मीही सांगितलंय. पुष्कळदा."



"बाई, मग गच्चीच्या ओळीपुढे किती मीटर लिहू?"

बाई उठल्या. गुडघा धरून क्षणभर थांबल्या. कपाटातून मोजायची लांब टेप काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"शाळा अजून उभी आहे," त्या म्हणाल्या. "दुपारची एसटी मिळेल तुला."