तोतया कुलगुरू

विद्यापीठांत सांगितल्या जाणाऱ्या कथांत राजाच्या जागी बहुधा कुलगुरू असतो. अशाच एका कुलगुरूंनी सहीनिशी परिपत्रक काढले होते: ‘संगणकाचा परवलीचा शब्द मागणारा माझे नाव सांगत असला, तरी तो तोतया समजावा.’

आठवड्याभरातच ते स्वतः परीक्षा विभागात आले. भाच्याचे गुण त्यांना निकालापूर्वी पाहायचे होते.

“परवलीचा शब्द सांगा, नाहीतर बदली,” ते लिपिक सुलभा खांबेटे यांना म्हणाले.

बाईंनी भिंतीवरचे परिपत्रक वाचून दाखवले.

“अहो बाई, मी खराच कुलगुरू आहे.”

“खरे कुलगुरू शब्द मागत नाहीत, असे त्यांच्याच सहीचे परिपत्रक सांगते, सर. आपण अजून मागत असाल, तर पहारेकऱ्याला बोलावते. नसाल, तर चहा सांगते.”

कुलगुरू आपल्या लफ्फेदार सहीकडे क्षणभर पाहत राहिले. मग खुर्ची ओढून म्हणाले, “साखर कमी.”