पेवावरचा पाटील आणि सटव्याचा आग्रह

दोष भुजंगराव पाटलाचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर हिंगणदऱ्यातली म्हातारी माणसं सगळं दुष्काळावर ढकलून मोकळी होतात. दुष्काळ काय, येतो नि जातो. पाटील उठतच नव्हता.

आजोबांच्या आजोबांनाही जो काळ ऐकूनच ठाऊक, त्या काळात पावसाने लागोपाठ दोन वर्षं हिंगणदऱ्याची वाट चुकवली. गावाचं एक पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. सुगीला प्रत्येक घराने त्यात सूपभर ज्वारी टाकायची आणि वाईट वर्षी सगळ्यांनी काढून खायची, अशी रीत. पेवाच्या तोंडावर मोठी शिळा होती. पाटलाने तिच्यावर घोंगडी अंथरली, लोड ठेवला आणि तिथेच न्यायनिवाडा करायला बसला. पेव उघडा म्हटलं की म्हणायचा, "याहून वाईट वर्ष येऊ द्या, मग बघू."

मग चोऱ्या सुरू झाल्या. होणारच. खाली धान्य, वर पाटील आणि भोवती उपाशी गाव. कुणी कणसं खुडली, कुणी काकड्या, कुणी शेजाऱ्याच्या कोंबडीला फूस लावली. पंच म्हणाले, "पिढीच बिघडली." पंच म्हणजे पाटील आणि त्याच्याच वयाचे चार म्हातारे. स्वतःच्या पिढीचं काय बिघडलंय, हे बघायला त्यांना सवड नव्हती. ते जेवत होते.

कारण दंडाची रीत अशी, की अपराध्याने पंचांना घरी जेवू घालायचं. मुळात ती कुणा शहाण्याने घातली होती. पंचांनी चुलीपाशी बसावं आणि हा माणूस असा का वागला ते डोळ्यांनी बघावं, एवढंच. पंचांनी तिची पुरणपोळी केली. भांडी विका, शेळी विका, पण तूप हवं. शेळी विकलेला माणूस महिन्याभरात पुन्हा चोरी करी, की पुन्हा जेवण. चोऱ्या कमी पडल्या तर नवे गुन्हे. चावडीसमोर शिंकणं गुन्हा. पाटलाच्या बैलाकडे रोखून बघणं गुन्हा. एका लग्नात कुणी पानात भात टाकला, तेव्हा पाटील गरजला, "आजपासून पानात टाकणं हाही गुन्हा!" आयुष्यात एक कायदा बरा केला, तोच त्याला नडला.

ही दंडाची जेवणं रांधायचा सटवा आचारी. असं म्हणतात, की त्याच्या फोडणीच्या वासाने कुत्रीसुद्धा भांडण सोडून रांगेत बसायची. सटव्याला दिसायचं, की दर वेळी तीच घरं असतात आणि दर वेळी एक भांडं कमी असतं. दिसायचं, तरी तो गप्प राहायचा. पोळी त्यालाही मिळत होती.

एकदा ठकू सापडली. ठकू विधवा, पदरात दोन लेकरं. पाटलाच्या शेतातली पाच कणसं तिच्या ओच्यात निघाली. पाटलाने शिळेवरूनच निवाडा दिला, "उद्या दुपारी पंचांचं जेवण. नाहीतर लेकरांसकट वेशीबाहेर."

सकाळी सटवा तिच्या घरी गेला.

"ठकूबाई, पीठ कुठाय?"

"त्या मडक्यात." खळ्यावर झाडून आणलेली ज्वारी दळली होती, निम्मी माती. शेजारी मूठभर हुलगे.

"आणि भांडी?"

"मागल्या दंडात गेली की, दादा. तुम्हीच नव्हतं का वाढलं?"

सटव्याला ते जेवण आठवलं. त्या दिवशी त्याने चार पोळ्या खाल्ल्या होत्या. चूल पेटवून तो म्हणाला, "आज घरात आहे तेच शिजंल."

दुपारी पंच पानावर बसले. पाटलाने पहिला घास घेतला आणि कडकन आवाज झाला. दाढ गेली.

"सटव्या, काय हे?"

"भाकरी नि हुलग्याचं पिठलं, पाटील. हिच्या चुलीवर रोज हेच असतंय."

"उचल माझ्यापुढनं!"

"उचलतो की. पण पानात टाकणं गुन्हा हाय, आपणच ठरवलंय. टाकलं, तर उद्याचं जेवण आपल्या घरी. साजूक तुपातलं."

हे ऐकून बाकीच्या चौघा पंचांचे डोळे असे चमकले, की पाटलाने गपकन दुसरा घास घेतला. पान रिकामं होत आलं तसा सटवा वाकला. "आग्रह हाय, पाटील. घ्या." पुन्हा वाढलं. वडीलधारा उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचं नाही आणि पानात काही असेस्तोवर वडीलधाऱ्यानेही उठायचं नाही. पाटील खात राहिला, चौघे रडत राहिले. असं म्हणतात, की ते मूठभर पिठल्याचं मडकं तीन दिवस संपलं नाही. म्हणणारे त्याच पंचांचे नातू, तेव्हा खरंच असेल.

इकडे गावाच्या ध्यानात आलं, की शिळा मोकळी आहे. असं म्हणतात, की ती फुलासारखी उचलली गेली. उचलायला चाळीस बाया होत्या, हे कुणी म्हणत नाही. पेव उघडलं, घरोघर ज्वारी गेली. गावातली शेवटची चूल पेटली, तेव्हाच सटव्याचं मडकं रिकामं झालं.

त्यानंतर चोरी झाली नाही. ठकू वेशीच्या आतच म्हातारी झाली. पंचांनी महिनाभर वाट बघितली, एक काकडीसुद्धा हलेना. शेवटी जेवणाच्या आशेने त्यातला एक स्वतःच जाऊन चावडीसमोर शिंकला. कुणी वळूनही बघितलं नाही.

हिंगणदऱ्यात आजही कुणी चोरी करताना सापडलं, तर गावातली पाच मोठी माणसं आधी त्याच्या घरी जेवायला जातात. घरात असेल ते खायचं, बरोबर मीठसुद्धा न्यायचं नाही. वाढणारा म्हणतो, "सटव्याचा आग्रह हाय," आणि त्याला नाही म्हणता येत नाही. पेवाची ती शिळा गावाने उभी पुरून ठेवली आहे, कुणाला बसता येऊ नये म्हणून.

भुजंगराव पाटलाच्या तीन दाढा गेल्या आणि बसायची जागा गेली.