मागं उजवीकडं

चूक नरहरबुवांची होती. पुढं काय ऐकायचं ते ऐका, पण हे आधी.

"मग मी कुठं आहे?" दिगंबरनं विचारलं.

बुवा खुर्चीत बसले होते. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, फरशीवर पट्टी चिकटवून जागा नक्की केलेली खुर्ची. दिगंबर तिच्यात बायकोलाही बसू देत नसे. आज मिरजेहून गुरू आले होते, म्हणून.

"कुठं म्हणजे?"

"रेकॉर्डिंगमध्ये, बुवा. तुम्ही मधोमध. तबला उजव्या हाताला, पेटी डावीकडं. मागं डावीकडं सुमनताईंचा तंबोरा, तो येतोय ऐकू. मागं उजवीकडं तंबोरा घेऊन मी बसलो होतो. तिथं नुसतं भोक आहे."

बुवांनी मान हलवली. गवयांना मान हलवायची सवयच असते.

रेकॉर्डिंग जुनं होतं, बुवांच्या ऐन बहरातलं. ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा चारचौघांत बुवा म्हणाले होते, "दिगू, तुझा हात मुका आहे. नोकरी बघ."

दिगूनं बघितली. पाटबंधारे खात्यात. गाणं सोडलं. गुरूच्या एका वाक्यावर माणसं अख्खा जन्म टाकतात, आणि वर त्याला निष्ठा म्हणतात.

निवृत्त झाल्यावर त्यानं सांगलीतल्या घरात ही खोली सजवली. आपला तंबोरा त्या टेपवर कुठंतरी असणारच, यंत्र हलकं म्हणून सापडत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. जुन्या ॲम्पवर सगळी मैफल भिंतीला चिकटून बसायची. नवा आला तसा डग्गा घट्ट झाला, तबला पेटीपासून सुटला, बुवांच्या मागं खोली तयार झाली. मग प्रीॲम्प बदलला, तो जो टेपवरचा नाजूक आवाज आधी उचलतो आणि त्याला रंग देऊन पुढं धाडतो. बुवांचा गळा गोल झाला, मधासारखा. सगळे आले. तेवढा उजवा कोपरा येईना.

"प्रीॲम्पचंच काहीतरी आहे," दिगंबर म्हणाला. "हा व्हॉल्व्हचा. गोडवा देतो, पण मागचं जरा झाकतो."

"दुसरा नाही?"

"आहे. ट्रान्झिस्टरचा. त्याच्यात मागचं स्पष्ट येतं."

"मग तो का लावत नाहीस?"

दिगंबर टेबलावरची नसलेली धूळ पुसायला लागला.

"कोरडा वाजतो," तो म्हणाला.

"लाव."

"बुवा, खरंच नको. तुमचा आवाज..."

"लाव म्हटलं ना."

त्यानं कपाटातून खोकं काढलं. तो प्रीॲम्प त्यानं एकदाच लावला होता, तोही अर्ध्या बंदिशीपुरता. तारा बदलल्या. टेप पुन्हा सुरू केली.

मध गेला. मैफल खोल झाली. कुणीतरी खाकरलेलं ऐकू आलं, तेही नेमकं कुठं बसून खाकरलं ते कळेल इतकं. बुवा वर चढले, तार षड्जाला भिडले... आणि सूर थोडा खालीच राहिला.

दिगंबर फरशीकडं बघत होता.

"उतरला," बुवा म्हणाले.

"नाही, ते या मशीनचं असं..."

"मशीनला कशाला बोल लावतोस? उतरलाय. यासाठीच खोक्यात घातला होतास ना?"



टेप चालू होती. मागून, उजवीकडून, काहीतरी येत होतं. पट्... पट्... पट्...

"लाकडावर बोटं कोण आपटतंय?"

"मी," दिगंबर म्हणाला.

तो खाली फरशीवर बसला. एवढा शोधला तंबोरा, आणि सापडला तो हा.

"म्हणजे बरोबर होतं तुमचं," तो म्हणाला. "मुकाच आहे हात."

बुवांनी टेप बंद करायची खूण केली. मग कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं तोच तंबोरा उभा होता. भोपळा चकचकीत पुसलेला, वर एक तार नाही.

"तारा?"

"काढल्या. स्पीकर सुरू झाले की आपणहून गुंजायला लागायचा. सगळा साउंडस्टेज, ही समोर मांडलेली मैफल, गढूळ करायचा."

"कुणी न छेडता?"

"हो."

"आणि याच्यावरचा हात मुका."

दिगंबरनं तंबोऱ्याकडं बघितलं.

"म्हणजे तूही याला गप्प केलंस," बुवा म्हणाले.

"तूही म्हणजे?"

बुवांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवली, जणू मध्ये काही बारीक धरलंय, आणि ती चिमूट हवेत केसभर पुढं सरकवली.

दिगंबरनं ती चिमूट ओळखली. मैफलीआधी शिष्यानं तंबोरा गुरूपुढं धरायचा. गुरू तारेखालचा जवारीचा दोरा शेवटचा सारखा करणार. त्यानंतर शिष्यानं त्याला बोट लावायचं नाही, मग तो कसाही वाजो. दोरा केसभर चुकला की तार गुदमरते. त्या दिवशी मंचावर तंबोरा बसका लागला होता. दिगंबरला कळलं होतं. पण गुरूच्या हातचा दोरा...

"तुम्ही सरकवलात?"

"हं."

"चुकून?"

"नाही."

"का, बुवा?"

"आत तंबोरे लावत होतो तेव्हा तुझा तंबोरा ऐकून सगळे तुझ्याकडंच बघत होते. माझा घसा त्या दिवशी बसलेला. तुझा षड्ज मागं भरून राहिला असता तर माझा उघडा पडला असता."

"आणि आता नाही पडला?"

"पडला की."

"आणि वर मलाच मुका म्हणालात. चारचौघांत."

"म्हणालो."

"माझं गाणं गेलं, बुवा."

बुवांनी हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. त्या वयाच्या माणसांना ते जमत नाही. खुर्चीचे हात धरून ते उठले, कोपऱ्यात गेले, आणि जिथं तारा असायला हव्या होत्या तिथून एकदा बोटं फिरवली. आवाज आला नाही.

"एवढं करून तुम्हाला काय मिळालं?" दिगंबरनं विचारलं.

"त्या दिवसानंतर," बुवा म्हणाले, "मी सुरात गायलो नाही."