डावी नाकपुडी

एका गावात एक अत्तार राहत होता, बाबालाल त्याचं नाव. नाक असं तिखट, की शेजारच्या गावात कढी उकळली तर हा इथे बसून सांगे, "मीठ कमी पडलंय." मिठाला वास नसतो, पण बाबालालला कोण सांगणार!

एका सकाळी त्याने सहज नाकाखाली आरसा धरला. उजव्या नाकपुडीची वाफ बशीएवढी उमटली, डावीची जेमतेम चिंचोक्याएवढी. त्याचं डोकंच फिरलं.

"हिला फुकट पोसतोय मी! या घरात आळशी दोन. एक ही डावी, दुसरी दुपारी आडवी होणारी तू."

त्याची बायको जैतूनबी हसली. "आणि पहाटे पाणी भरते, ती कोण?"

बाबालालने रागारागाने डावीत कापसाचा बोळा कोंबला.

दुपारी गावातली कुंदा दुकानात आली. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न. हातात आईची जुनी साडी. आई ती तान्ही असतानाच गेलेली. साडी तेव्हापासून पेटीत बंद.

"चाचा, उद्या मांडवात आईचा वास हवा. दुसरं काही नको."

बाबालालने साडी नाकाशी नेली. वास येईना. श्वासही जाईना! उजवीही चोंदली होती. तोंड उघडं टाकून तो घामाघूम झाला.

"जैतून, नाक गेलं गं माझं!"

जैतूनबी आतून उठून आली आणि तिने बोळा उपसला. "कुठे जातंय? उजवी सकाळपासून राबली, आता जरा टेकलीय. दोघी आळीपाळीने राबतात. तुम्ही एकीला घराबाहेरच काढलंत."

डावीतून वारा भरभरून आत गेला. मोगरा आला, वाळा आला. पण साडीत आणखी काहीतरी होतं, हाती लागत नव्हतं. बाबालाल डोळे मिटून थांबला. टेकलेल्या उजवीतून हवा थेंबाथेंबाने झिरपत होती. तिनेच ते सावकाश आणून दिलं. वेखंड! तान्ह्या बाळाला उगाळून लावतात, ते.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "यातला हा वेखंडाचा वास आईचा नाही. तुझा आहे. मांडीवर असायचीस ना, तिच्या पदराला लागून राहिलाय."

कुंदाने साडीत तोंड लपवलं. बाबालालने मोगरा आणि वाळ्याच्या अत्तरात वेखंड मुरवून बाटली तिच्या हातात दिली.

तेव्हापासून दुपारी जैतूनबी आडवी झाली, की तो दुकानाचं दार आवाज न करता लोटून घेई. गिऱ्हाईक मोठ्याने बोललं तर ओठांवर बोट ठेवी.

"हळू. आमची डावी विसावलीय."

तात्पर्य: विसावलेल्याला आळशी म्हणू नये, तो आपल्या वाट्याचं राबून आलेला असतो, आणि आपण थकलो की तोच उठणार असतो.