चाळिसावरचा काटा

एका गावात एक श्रीपतराव जाचक राहायचे. त्यांच्याकडे द्राक्षांची बाग होती, वडिलांच्या वेळची जीप होती आणि गेनबा होता. बाग गडीमाणसं बघायची, जीप श्रीपतराव स्वतः बघायचे आणि गेनबा श्रीपतरावांकडे बघून मान डोलवायचा. त्याला दुसरं काम नव्हतं.

जीपच्या डॅशबोर्डवर इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारं एक गोल मीटर होतं. त्याचा काटा कायम चाळिसावर. चढ असो, उतार असो, काटा हलायचा नाही. श्रीपतरावांना त्याचा कोण अभिमान! पाहुणा आला की आधी काटा दाखवायचे, मग चहाचं विचारायचे.

"एवढी जुनी गाडी, पण काटा बघा. तसूभर ढळत नाही."

"जाचकांचं रक्तच तसं आहे मालक," गेनबा म्हणायचा. आता जीपमध्ये जाचकांचं रक्त कुठून आलं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

पुढे श्रीपतरावांच्या घरीच वाढलेल्या भाचीचं, शलाकाचं, लग्न ठरलं. कार्यालय घाटापलीकडे, तालुक्याला. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणून श्रीपतरावांनी सगळ्यांना बजावलं की पोर माझ्याच जीपमधून जाणार. शिवाय त्यांनी स्वतः एक मंगलाष्टक रचलं होतं आणि तेही ते माईकवर म्हणणार होते. गावातली सगळी इज्जत त्यांनी या दोन गोष्टींवर टांगून ठेवली.

लग्नाला चार दिवस उरले आणि जीप खडखडायला लागली. इंजिनात कुणी बसून सुपारी कुटतंय असा आवाज.

"अहो, मिस्त्रीला दाखवा," पत्नी इंदुमतीबाई म्हणाल्या.

"काटा चाळिसावर आहे," श्रीपतराव म्हणाले.

गेनबानं री ओढली. "आवाज कसला वहिनीसाहेब, इंजिन खुशीत आलंय. घरात कार्य आहे ना."

श्रीपतरावांना ते पटलं. सोयीचं असलं की पटायला कितीसा वेळ लागतो?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी शलाकानं अंगणात उभ्या जीपचा तो आवाज ऐकला. हळदीच्या अंगानं ती बाहेर आली. "मामा, घाटात बंद पडली तर मी मुहूर्ताला पोचू कशी?" एवढंच बोलली आणि तिचे डोळे भरले. पोरीपुढे काट्याचं नाव काढायला श्रीपतरावांची जीभ रेटेना. ते गेनबाला घेऊन स्टँडजवळच्या मुलाणी मिस्त्रीकडे गेले.

तिथं मात्र त्यांनी काट्याची महती सुरू केली. मिस्त्रीनं सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "किल्ली काढा."

श्रीपतरावांनी किल्ली काढली. इंजिन थांबलं.

"आता काटा बघा."

काटा चाळिसावर.

"भाऊसाहेब, बंद इंजिनात दाब आला कुठून?"

इतकी वर्षं रोज गाडी बंद करून श्रीपतराव घरात गेले होते, पण बंद केल्यावर काट्याकडे बघायचं कधी सुचलं नव्हतं. गेनबानं सावरून घेतलं. "थांबल्यावरही दाब सोडत नाही, अशी गाडी तालुक्यात नाही." मिस्त्रीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं बाकावर जाऊन बसला.

मिस्त्रीनं आपल्याजवळचं मीटर इंजिनाला जोडलं आणि गाडी चालू केली. त्याचा काटा कसाबसा पाचापर्यंत चढला आणि तिथंच बसला. तेल बघायची पट्टी काढली तर नुसतं टोक ओलं. खालचा चेंबर उतरवला तर तेलाच्या जाळीत काळा गाळ. "उद्या घाटात इंजिन जाम झालं असतं," मिस्त्री म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्यानं जाळी धुतली, गळती बंद केली, ताजं तेल भरलं आणि नवं मीटर बसवलं. जुन्याचा काटा गंजून खिळला होता. श्रीपतरावांनी ते खिशात टाकलं.

नवा काटा वरखाली व्हायला लागला तसे श्रीपतराव बेचैन झाले. "हा सारखा हलतोय की."

"खरं सांगतोय म्हणून हलतोय," मिस्त्री म्हणाला.

परतीच्या वाटेवर श्रीपतरावांची नजर सारखी नव्या काट्यावर जात होती. शेजारी गेनबा मान डोलवत होता. त्याच्याकडे बघता बघता श्रीपतरावांच्या मनात काहीतरी आलं.

"गेनबा, काल माडीवर मंगलाष्टकाचं तिसरं कडवं म्हणत होतो. ऐकलंस?"

"ऐकलं की मालक. डोळ्यांत पाणी आलं."

श्रीपतरावांनी जीप कडेला घेतली आणि किल्ली काढली. "तिसरं कडवं मी अजून लिहिलंच नाही." मग खिशातलं जुनं मीटर काढून त्यांनी गेनबाच्या मांडीवर ठेवलं. "हे घे. तुझंच भावंड आहे."

घरी येऊन ते इंदुमतीबाईंसमोर बसले. "माझं मंगलाष्टक कसं आहे? खरं सांग."

"नवरदेव अंतरपाटाआडून पळून जाईल," त्या म्हणाल्या.

श्रीपतरावांना लागलं, चांगलंच लागलं. पण त्यांनी कागदाची घडी घालून ती कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या मध्यावर नवा काटा खाली यायला लागला. श्रीपतरावांनी लगेच जीप थांबवली, इंजिन निवू दिलं, तेल पाहिलं आणि मगच पुढे निघाले. मुहूर्ताला चांगली वीस मिनिटं असताना मामानं भाचीला मांडवात आणलं. गुरुजींनी माईक पुढे केला. श्रीपतराव म्हणाले, "मला गाता येत नाही, गुरुजी." अख्ख्या मांडवानं सुटकेचा श्वास सोडला. इंदुमतीबाईंनी मूठभर अक्षता नवरा-नवरीवर टाकल्या आणि उरलेल्या हळूच नवऱ्याच्या डोक्यावर.

गेनबा मागून पुढे आला. "मालक, काय गप्प बसलात! असा गप्प बसणारा माणूस तालुक्यात नाही."

तात्पर्य: बंद गाडीतही जो काटा 'सगळं ठीक' सांगतो, त्याच्या भरवशावर घाट चढू नये, आणि जो माणूस आपल्याला कधीच वाईट सांगत नाही, त्यानं सांगितलेलं चांगलंही खरं धरू नये.