टोकं पलीकडं गेली

सांगून सांगून तोंड दुखलं. तरी म्हणता, सांगाच. बरं. एकदाच सांगतो, मधे कुणी बोलायचं नाही.

"मिस्त्री, पोरं ऐकत का न्हाईत?"

नाईकवडे सर दारातूनच विचारत होता. पायातलं पायताणसुद्धा काढलं नव्हतं.

बाबालाल मिस्त्री पंपाच्या जळक्या मोटारीत नवी तार भरत बसला होता. चाळीस वर्षं हाच धंदा, शाळा चौथीपर्यंत. नाईकवडेनं पोरवयात दोन उन्हाळे इथंच तार गुंडाळली. पुढं डिप्लोमा केला, आणि आता गावाबाहेरच्या तंत्रनिकेतनात हेच काम पोरांना शिकवायचा. वर्षाच्या करारावर.

मिस्त्रीनं मान वर केली नाही.

"किती पोरं?"

"अठरा. नऊ मोबाईलवर, पाच झोपेत."

"आणि चार?"

"खिडकीत."

"हं..."

"माझ्या शिकवण्यात खोट नाही, मिस्त्री. फळाभर आकृती काढतो, चार रंगांचे खडू वापरतो. घसा बसेस्तोवर बोलतो. पण सोमवारी प्राचार्यबाई मागं येऊन बसणार आहेत. पोरं अशीच दिसली तर म्हणाल्या, जूनपासून येऊ नका." तो थांबला. "घरी सांगितलेलं नाही अजून."

"बस."

नाईकवडे बसला. त्याला वाटलं, आता म्हातारा काहीतरी सांगेल.

म्हातारा सांगायला लागलाही. पण तारेबद्दल. तार कशी मोजायची, खाचेत कागद कसा घालायचा, कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बोटानं कसं दाबत न्यायचं. नाईकवडेला हे सगळं पाठ. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसला. मग नखं बघितली. मग खिशातला फोन काढला.

मिस्त्री बोलतच होता. एका सुरात, भजनातल्या झांजेसारखा.

एकदम नाईकवडेची नजर मोटारीवर गेली.

"मिस्त्री, टोकं पलीकडं गेली."

मिस्त्रीचं चालूच.

"अहो, कॉइल फिरवून घातलीय तुम्ही. बाकीच्यांची टोकं अलीकडं आहेत. जोडणार कशी?"

"...तर कागद म्हणजे कसा पायजे, लेका, पापडागत..."

"सरका."

त्यानं मिस्त्रीला खांद्यानं बाजूला सारलं. फोन जमिनीवर पडला तो तसाच राहिला. बांबूची पट्टी घेऊन त्यानं कॉइल उचकटली, फिरवली, खाचेत बसवली. मग पुढची. मग तिच्या पुढची. तारेनं अंगठा कापला, तो चोखला आणि पुन्हा बसला. सगळ्या खाचा भरल्या तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

मिस्त्री चहा पीत होता.

"मी मघापासनं काय सांगत हुतो रे?"

नाईकवडेनं आठवून बघितलं.

"...कागदाचं काहीतरी."

"जा आता."

"पण पोरांचं?"

"जा की. मला काम हाय."

नाईकवडे गेला. डोक्यात नुसता गोंधळ. आलो होतो कशाला आणि फुकटात म्हाताऱ्याची मोटार भरून चाललो, एवढंच त्याला कळलं.

सोमवारी संध्याकाळी तो परत आला. या वेळी पायताण काढलं.

"माझी अब्रू गेली, मिस्त्री."

"बस."

"बसत नाही. बाई मागच्या बाकावर, वही उघडून. माझं सगळं लक्ष त्या वहीकडं. बोलत बोलत टेबलावरच्या मोटारीत कॉइल घातली आणि रेश्मा कांबळे म्हणते, सर, टोकं पलीकडं गेली. सगळ्या वर्गासमोर. कॉलेजात आल्यापासून त्या पोरीनं तोंड उघडलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. राग आला. म्हटलं, लई कळतंय तर तू घाल. ती आली. तिचं चुकलं. तर मागनं दुसरा म्हणाला, असं न्हवं, आण इकडं. बघता बघता सगळी मोटारीवर तुटून पडली, लग्नाच्या पंगतीत जिलबीवर पडावीत तशी. भांडतायत, एकमेकांना येडं म्हणतायत, एकाचं बोट कापलं. मी दोनदा खडू आपटला. कुणी बघितलं नाही."

"तू काय केलंस?"

"काय करणार? जाऊन बाईंच्या शेजारी बसलो."

मिस्त्रीनं कानामागची विडी काढली. पेटवली नाही. नुसती बोटांत फिरवत राहिला.

"बाई काय म्हणाल्या?"

"तेच तर." नाईकवडे आता बसलाच. "करार आणखी वर्षभर वाढवला. जाताना म्हणाल्या, नाईकवडे, तुम्ही छान शिकवता." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी तासभर एक अक्षर शिकवलं नाही, मिस्त्री. दोन वर्षं घसा फोडला तेव्हा घालवायला निघाल्या होत्या. हे काय आहे?"

मिस्त्रीनं विडी परत कानामागं खोचली.

"बरं, एवढं तरी सांगा. तुमची युक्ती कळली मला. उद्या पुन्हा मुद्दाम चुकायचं, हेच ना?"

मिस्त्रीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

"मी मुद्दाम चुकलो हुतो, असं तुला कुणी सांगितलं?"

नाईकवडेनं डोक्यावरचे हात खाली घेतले.

"...मग उद्या मी करू काय?"

"उद्या," मिस्त्री म्हणाला, "उशिरा जा."

झालं. याच्या पुढं काही नाही आणि अर्थ मला विचारायचा नाही. मागच्या खेपेला एकजण म्हणाला, अडाण्याला काय कळतंय शिकवण्यातलं, आणि भर बैठकीतून उठून गेला. माफी मागायला अजून आलेला नाही. नाव त्याचं पांडुरंग कुंभोजकर.