बॉनेटवरचा वाघ

यंत्रे बोलायची त्या काळातली, सहा मार्चची गोष्ट. कडक ऊन होते, वारा जोराचा होता. वामन मिस्त्रीने आपल्या शर्यतीच्या गाडीत भंगारातल्या व्हॅनचे चार सिलिंडरचे इंजिन बसवले. ते चार बोटे उंच निघाले आणि बॉनेट मिटेना.

“बॉनेटबाई, मधोमध भोक पाडून घ्या,” इंजिन म्हणाले. “शर्यत हुकली तर मी परत भंगारात जाईन हो!”

“माझ्यावर रंगवलेल्या वाघाच्या पोटाला भोक? तूच गुडघे मोडून बस, मेल्या! मिस्त्री, मला दोरीने बांधा.”

मिस्त्रीचाही वाघावर जीव होता. त्याने बांधले.

दुसऱ्या फेरीत वारा आत शिरला, दोरी तुटली, बॉनेट उलटून काचेवर आदळले आणि मिस्त्रीला रस्त्याऐवजी समोर वाघ दिसला. गाडी गवताच्या गंजीत घुसली.

दहापैकी एक फेरी पूर्ण झाली. दुमडलेली बॉनेटबाई सोमवारी भंगारात गेली. इंजिन गाडीतच राहिले.